चाळीस व्हायोलिनं, एक माणूस

मे महिन्याच्या शनिवार-रविवारी महाराष्ट्रातल्या कुठल्याही बऱ्या शहरात एखादं मैदान रिकामं सापडलं, की त्यावर आंबा महोत्सव भरतो. तीन बाजूंना आंब्याचे गाळे आणि चौथ्या बाजूला रंगमंच. गाळ्यांवर जी उलटतपासणी चालते ती सत्र न्यायालयातही चालत नसेल. हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर एवढ्याच जिल्ह्यांचा हापूस तो खरा, हे आता प्रत्येकाला पाठ आहे. गिऱ्हाईक आंबा नाकाला लावतं, देठाशी दाबतं, पेंढा उपसून तळातली फळं वर काढतं आणि "कर्नाटकचा नाही ना?" असं निदान तीनदा विचारतं. त्याच वेळी वीस पावलांवर, रंगमंचावरून चाळीस व्हायोलिनं एकदम उसळतात. रंगमंचावर व्हायोलिन एकही नसतं. त्याबद्दल मात्र आजवर कुणी तक्रार केल्याचं ऐकिवात नाही.

ही चाळीस व्हायोलिनं, शिवाय बासरी, सतार, अकॉर्डियन, सॅक्सोफोन आणि प्रसंगी चर्चची घंटा ज्याच्या दहा बोटांत असते, तो कीबोर्डवाला. पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे कुठेतरी. सगळे त्याला दादा म्हणतात. त्याच्याहून वीस वर्षांनी मोठा असलेला ढोलकीवालाही दादाच म्हणतो. रंगमंचावर त्याची जागा ठरलेली: डावा कोपरा, स्पीकरच्या आड. मेच्या उकाड्यात त्याला लांब बाह्यांचा काळा शर्ट घालावा लागतो, कारण 'सगळे कलाकार एकसारखे दिसावेत' ही आयोजकांची इच्छा. एकसारखे दिसले काय आणि न दिसले काय, दादा मुळातच कुणाला दिसत नाही. एक उभा पंखा त्याच्यासाठी म्हणून येतो, तो पाच मिनिटांत प्रमुख पाहुण्यांच्या खुर्चीकडे वळतो. दादा मानेभोवती टॉवेल टाकतो आणि कामाला लागतो.

त्याच्या वाद्याला पब्लिक 'कॅसिओ' म्हणतं. कंपनी कुठलीही असो, ते वाद्य हप्ते फेडून आणलेलं असो, नाव कॅसिओच. पूर्वी तो दुरुस्त करायचा. आता "कॅसिओवाले, जरा आवाज वाढवा" असं ऐकू आलं की हात वर करतो, हसतो आणि आवाज आहे तिथेच ठेवतो. पब्लिकला वाढल्यासारखा वाटतो.

सोमवार ते शुक्रवार दादा क्लास घेतो. दोन खोल्यांच्या घरात पुढच्या खोलीत आठ-दहा वर्षांची मुलं ओळीने बसून तीच एक सरगम वाजवतात आणि मागच्या खोलीत वहिनी त्याच तालावर कोथिंबीर निवडतात. मेमध्ये क्लासला सुट्टी आणि धंद्याला ऊत. शुक्रवारी पनवेलकडे हळद, शनिवारी आंबा महोत्सव, रविवारी कुठल्यातरी गावची जत्रा. घेतलेल्या कार्यक्रमाला या लोकांत 'सुपारी' म्हणतात आणि त्याचं मोजमाप 'नाइट'मध्ये होतं. घरच्या लग्नांना दादा कधीच पोचत नाही. पोचला तर वाजवायला. स्वतःच्या लग्नात तो हजर होता, पण वरातीत बँडच्या क्लॅरिनेटवाल्याचा कोमल निषाद चुकतोय म्हणून घोड्यावरून सारखा मागे वळून बघत होता, असं वहिनी अजून सांगतात.

आता रसिकांविषयी. पहिल्या रांगेत एक काका असतात. कायम असतात, गाव बदललं तरी काका तेच. जुन्या गाण्यांच्या तबकड्यांचा त्यांच्याकडे संग्रह असतो आणि त्या संग्रहातून आलेला एक तिटकाराही. मध्यंतरात ते रंगमंचाच्या कडेला येतात. "अहो दादा, दुसऱ्या अंतऱ्याआधीचा पीस आहे ना, मूळ रेकॉर्डमध्ये तिथे खरं अकॉर्डियन आहे. तुमचं हे बटणाचं वाद्य. त्यात जीव नाही."

दादा शांतपणे टॉवेलने मान पुसतो. त्याला हे पंधरा वर्षांपासून ऐकून माहीत आहे आणि उत्तरही तयार आहे. 'आराधना'तल्या त्या पावसाळी रात्रीच्या गाण्यातलं अकॉर्डियन केरसी लॉर्ड यांनी वाजवलं, हे तो आधी मान्य करतो. मोठ्या माणसांची नावं तो कानाला हात लावून घेतो. ज्यांच्याकडून प्यारेलाल व्हायोलिन शिकले त्या गोव्याच्या अँथनी गोन्साल्विस यांचं नाव घेताना तर दोन्ही कानांना. मग हळूच विचारतो, "काका, 'नागिन' आठवतो? १९५४ चा?" काकांचे डोळे ओलावतात. ती बीन! काय ती बीन! "ती बीन नव्हती काका. क्लॅव्हियोलिन होतं. विजेवर चालणारं, पट्ट्यांचं वाद्य. कल्याणजींनी वाजवलं आणि जोडीला रवींची हार्मोनियम. सत्तर वर्षं अख्खा देश कीबोर्डवर जमिनीवर लोळतोय."

काका जागेवर जाऊन बसतात. मला विचाराल तर या वादात दादाची बाजू वाटते त्याहून भक्कम आहे. वरातीत कुणी नाग होऊन लोळायला लागला, की त्या क्षणी परंपरेला सर्वांत धरून वाजवणारा माणूस दादाच असतो.

त्याचा दुसरा अपराध म्हणजे ट्रान्सपोजचं बटण. ते दाबलं की बोटं जिथल्या तिथे आणि पट्टी बदलते. शास्त्रीय वर्तुळातली मंडळी याला चोरी म्हणतात. याच मंडळींच्या घरी स्केल चेंजर हार्मोनियम असते, जिच्यात पट्ट्यांचा अख्खा संच सरकवून हेच करतात. पण ती सागवानी असल्यामुळे चालते. दादाला मात्र या बटणावाचून गत्यंतर नाही, आणि त्याचं कारण हौशी गायक.

हौशी गायक हा कराओके क्लबातून येतो. बहुधा निवृत्त, बहुधा बँकेतून, आणि बहुधा महोत्सवाच्या एका प्रायोजकाचा व्याही. "एकच गाणं" म्हणून तो वर चढतो. दादा विचारतो, "साहेब, पट्टी कुठली?" साहेब म्हणतात, "रफीसाहेबांची." पुढच्या चार सेकंदांत दादा जे करतो त्याची नोंद संगीताच्या कुठल्याही ग्रंथात नाही. साहेब पहिली ओळ काळी एकमध्ये उचलतात. दादा एकदा बटण दाबतो. ध्रुपदाच्या शेवटी साहेब पांढरी दोनला पोचलेले असतात. दादाचं बोट पुन्हा बटणावर. अंतऱ्यात साहेब दोन पट्ट्यांच्या मधल्या अशा जागी जाऊन स्थिरावतात जिथे कुठल्याच वाद्याला पट्टी नाही. तिथे दादा सूर सोडून देतो, नुसती झांजेची किणकिण ठेवतो आणि ऑक्टोपॅडवाल्या पोराला डोळ्याने सांगतो, "वाढव." हे ऑक्टोपॅड म्हणजे आठ चौकोनी गाद्यांचं जपानी यंत्र. ते १९८५ मध्ये बाजारात आलं आणि पुढे आमच्याकडे काँगो, बोंगो, डफ आणि निम्मी हळद एकट्याने खाऊन बसलं. पोरगं वाढवतं. टाळ्यांचा कडकडाट होतो. साहेब उतरताना दादाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणतात, "जरा रियाज करत जा. मध्ये तुम्ही सुटला होतात."

सराव हा प्रकार नसतो, हे वेगळं सांगायला नको. आदल्या रात्री साडेअकराला व्हॉट्सअॅपवर बावीस गाण्यांची यादी येते. तिच्यातली नऊ गाणी ऐनवेळी गळतात आणि चिठ्ठ्यांवरून दुसरीच अकरा येतात. गाण्यातल्या मधल्या तुकड्यांना हे लोक एम वन, एम टू म्हणतात. दादा गायकाला दोन बोटं दाखवतो, म्हणजे 'एम टू येतोय, थांब.' गायक ती दोन बोटं विजयाची खूण समजून पब्लिकला परत दाखवतो आणि एम टूवरच अंतरा सुरू करतो. मग दादा एम टू वाजवायचा थांबतो आणि जणू असंच बसवलं होतं अशा चेहऱ्याने मागे सरकतो. मूळ गाणं कसं आहे हे त्याला नोटेशनसकट पाठ असतं. ते तसं कधीच होत नाही, हेही पाठ असतं.

सव्वानऊला माननीय येतात. कुठले माननीय, ते निवडणूक किती लांब आहे यावर अवलंबून. गाणं मधेच तोडून दादाला आगमनाचं संगीत वाजवावं लागतं आणि इथे त्याची खरी श्रेणीरचना दिसते. मंडप, खुर्च्या आणि वीज ज्यांच्याकडून आली त्यांना तुताऱ्यांसह पूर्ण चाळीस व्हायोलिनं. नुसतंच पत्रिकेत नाव असलेल्यांना बारा. माजींना बासरी. नंतर माननीय बोलायला उभे राहतात, तेव्हा तो डाव्या हाताने एक लांब, गंभीर स्वर धरून ठेवतो. तोच स्वर तो निवेदकाच्या शेरोशायरीखाली धरतो, लग्नात नवरी मंडपात येते तेव्हा धरतो आणि दिवंगत सभासदांना श्रद्धांजली वाहतानाही तोच धरतो. एकदा मी विचारलं, यात फरक काय? म्हणाला, "श्रद्धांजलीला इको थोडा जास्त."

भाषण पंचवीस मिनिटं चालतं. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे. रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. सवलतीचे दिवस वर्षाला फार तर पंधरा, तेही बारापर्यंतच, आणि ते गणपती-नवरात्र घेऊन जातात. त्यामुळे महोत्सवाचं सगळं खरं संगीत पावणेदहा ते दहा या पाव तासात कोंबलेलं असतं. मैदानाच्या फाटकाशी पोलिसांची गाडी येऊन थांबते. हवालदार खाली उतरून घड्याळ बघतो आणि चिठ्ठीवर एक फर्माईश लिहून पाठवतो.

परवाच्या महोत्सवात नेमकं याच पाव तासात वळवाने गाठलं. आधी धुळीचा लोट, मग मंडपाच्या कापडाची फडफड, मग दोन टपोरे थेंब आणि वीज गेली. गाळेवाले पेट्यांवर ताडपत्री ओढायला धावले. गायक धावला. निवेदक त्याच्या पुढे होता. दादा हलला नाही. त्याने वाद्यावर प्लास्टिक टाकलं आणि वर स्वतः ओणवा झाला. जनरेटर होता, तो चालू करणारा माणूस जेवायला गेला होता.

आणि अंधारात ढोलकी सुरू झाली. सत्तरीचे ते ढोलकीवाले रात्रभर ऑक्टोपॅडच्या पलीकडे नुसते बसून होते. मधूनमधून त्यांचा माइक बंद आहे हे साउंडवाल्याला सांगत होते. आता माइकच कुणाला नव्हता. पत्र्याखाली जमलेल्या दीडदोनशे लोकांनी टाळ्यांचा ठेका धरला. गायिका पोरगी घाबरत पुढे आली. इकोशिवाय ती कधी गायलीच नव्हती. सूर कुठून घ्यावा? दादा ओणव्यानेच तिच्याकडे वळला आणि एक सूर गुणगुणला. तिने तो उचलला आणि एकही वाद्य सुरात नसताना पूर्ण गाणं म्हटलं. बरं म्हटलं. आधीच्या बावीसांपेक्षा बरं, असं माझं मत आहे, पण ते साउंडवाल्यापुढे बोलता येणार नाही.

शेवटच्या ध्रुपदाला वीज आली. वीज जाऊन आली की कीबोर्डचं ट्रान्सपोज शून्यावर येतं आणि नवखा माणूस इथे हमखास बुडतो: चाळीस व्हायोलिनं एका पट्टीत आणि गाणारी दुसऱ्या. दादाने आधी बटण एकदा दाबलं, मगच हात ठेवला. काळी एक. त्याने अंधारात गुणगुणलेला सूर नेमका तोच होता. हे माझ्याशिवाय फक्त ऑक्टोपॅडवाल्या पोराने पाहिलं. ते म्हणालं, "दादा, तुम्ही कसं काय?" दादा म्हणाला, "तू केबल गुंडाळ."

मानधन निम्मं आगाऊ आलेलं असतं आणि निम्मं 'सोमवारी'. कुठला सोमवार, हे विचारायची पद्धत नाही. आयोजकांनी प्रेमाने एक डझनाचा खोका मात्र हातात ठेवला. दादाने झाकण उघडलं, आंबा नाकाला लावला, देठाशी दाबला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "कर्नाटकचा." मग खोका टेम्पोत कीबोर्डच्या शेजारी नीट ठेवला.

पुढच्या मेमध्ये अशा कार्यक्रमाला गेलात तर मधल्या खुर्च्यांच्या नादी लागू नका. रंगमंचाच्या डाव्या कोपऱ्यासमोर बसा. चिठ्ठी तिथून लवकर पोचते. अक्षर सुवाच्य काढा, चित्रपटाचं नाव लिहा आणि पावणेदहानंतर कव्वाली मागू नका. तुम्हाला स्वतःला गायचं असेल, तर आपली पट्टी घरूनच विचारून या.