कुसळांचा आढावा

डिसेंबर संपत आला की माणसाला आत्मपरीक्षणाची उबळ येते. कोणी नवी डायरी आणतं, कोणी जिमचे पैसे भरून टाकतं. मी आत्याकडे विंझरला जातो.

“आत्ता कशाला आलास रे? समदं वाळून कोळ झालंय,” आत्या म्हणाली.

तिचंही खरंच. जुलैत नसरापूर-वेल्हे रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते. छत्री उलटी होईस्तोवर फोटो निघतात आणि समोरच्या दाट धुक्याकडे बोट करून कोणीतरी म्हणतं, “तो बघ राजगड!” आपण श्रद्धेनं मान डोलवायची. वेल्हे तालुक्याचं नावसुद्धा आता राजगड झालंय, पण पावसाळ्यात गड दिसत नाही तो नाहीच.

डिसेंबरात मात्र तो जातीनं हजर. इकडे बालेकिल्ल्यासकट राजगड, तिकडे १४०३ मीटरचा तोरणा. खाली भात निघालेल्या खाचरांत धसकटं, पेंढ्याच्या गंज्या आणि उरल्या ओलीवर हट्टानं उभा हरभरा. हिरवा रंग कोणालाही शोभतो हो. असल्या करड्या-पिवळ्यात उठून दिसायला मुळात नाकीडोळी नीटस असावं लागतं. महाराजांनी इथं राजधानी केली ती काही धबधबे बघून नव्हे, कातळ बघून.

असं काहीबाही सुचत होतं, म्हणून वर्षाचा आढावा घ्यायला टेकाडावर बसलो, तर गवतानंच माझा आढावा घेतला. मोज्यांत कुसळं, पँटच्या शिवणीत कुसळं. बाकी कुठंकुठं, ते आत्याला सांगण्याजोगं नव्हतं. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसणं सोपं, स्वतःच्या मोज्यातलं काढून बघा!

ओसरीवर बसून एकेक उपसू लागलो. पुढे सुईसारखं टोक, त्यावर उलट्या दिशेची लव, म्हणजे आत शिरलेलं मागे येत नाही. मागे पीळदार शेपूट. तळहातावर ठेवून पाण्याचा थेंब टाकला, तर पठ्ठ्या स्वतःभोवती फिरायला लागला! ओल लागली की पीळ सुटतो आणि बी मातीत घुसतं. म्हणजे मेलेल्या दिसणाऱ्या या गवताची जूनची तयारी आत्ताच पुरी झालेली. माझे गेल्या वर्षीचे संकल्प संक्रांतीचा तिळगूळही न खाता वारले होते.

“काय चाललंय मघाधरनं?” आत्यानं आतून विचारलं.

“आत्मपरीक्षण. डावा मोजा झाला.”

“मग उजवा फुडच्या सालात काढ. पावट्याची आमटी निवली.”