चॅप्टर झाला!

सीए फायनलला ऑडिटचा एक पेपर असतो आणि त्यात एसए 580 नावाचं एक मानक असतं. कंपनीच्या व्यवस्थापनाने ‘आमच्याकडे सगळं आलबेल आहे’ असं लेखी दिलं, तर तो कागद ऑडिटरने फाइलला जरूर लावावा. पण नुसत्या त्या कागदाला पुरेसा पुरावा समजू नये, असं हे मानक बजावतं. सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत बसलेला आर्टिकल (म्हणजे सीएच्या ऑफिसात उमेदवारी करणारा मुलगा) हे वाक्य पिवळ्या हायलायटरने रंगवतो, खाली गुलाबी रेघ ओढतो, समासात चांदणी काढतो, पुस्तक मिटतो आणि शेजारच्या एमपीएससीवाल्याला सांगतो, ‘एसए 580 झाला.’

कोण म्हणतं झाला? व्यवस्थापन म्हणतं.

झालेल्या चॅप्टरची लक्षणं ठरलेली. लेक्चरचा व्हिडिओ दुप्पट वेगाने बघून संपलेला असतो. (महिनोन्‌महिने त्या वेगाने मास्तर ऐकल्यावर घरातलं साधं बोलणंही पोराला रेंगाळल्यासारखं वाटतं, ते वेगळं.) टाइमटेबलच्या चौकोनात हिरवी खूण पडलेली असते. ते टाइमटेबल एक्सेलमध्ये असतं, त्याला फॉर्म्युले लावलेले असतात, ते करण्यात एक अख्खा रविवार गेलेला असतो, आणि तो रविवारसुद्धा अभ्यासाच्या तासांत धरलेला असतो. एखाद्या क्लायंटने असा खर्च मालमत्तेच्या बाजूला दाखवला असता, तर याच मुलाने त्याला फैलावर घेतलं असतं.

शिवाय परीक्षेचा नियमच असा, की तो नातेवाइकांना कळत नाही. प्रत्येक पेपरात 40 हवेत आणि ग्रुपची सरासरी 50 हवी. 2023 साली आलेल्या नव्या योजनेत फायनलच्या एका ग्रुपला तीन पेपर. तिन्हींत 40-40-40 मिळवणारा नापास, कारण बेरीज 150 पर्यंत पोचत नाही. आणि 75-75-38 मिळवणाराही नापास. या दुसऱ्या निकालाची बातमी आत्यापर्यंत जाते, तेव्हा ती म्हणते, ‘300 पैकी 188 म्हणजे फर्स्ट क्लास की रे! मग नापास कसा?’ त्यावर 60 किंवा अधिक मार्क असलेल्या पेपरांना पुढच्या तीन अटेम्प्टपर्यंत एक्झेम्प्शन मिळतं, हे तिला समजावायला जाऊ नये. फायनलचा सहावा पेपर पुस्तकं उघडून लिहायचा असतो, हे तर मुळीच बोलू नये. चार तासांच्या त्या पेपरात सगळ्या विषयांची सरमिसळ केलेले प्रसंग असतात आणि पुस्तकं उघडी असूनही कुठलं उघडावं हे सुचत नाही. पण ‘बघून लिहायचं?’ एवढंच आत्याच्या कानात राहतं आणि ते लग्नकार्यांतून फिरत राहतं. 2024 च्या मे महिन्यात दोन्ही ग्रुप एकदम देणाऱ्यांपैकी 19.88 टक्के पास झाले, म्हणजे पाचांत धड एकही नाही. हा आकडा मात्र कुठल्याच लग्नात निघत नाही.

तर या परीक्षेला एबीसी ॲनॅलिसिस फार चालतं. गोदामातल्या मालाची महत्त्वाप्रमाणे वर्गवारी करायची ही पद्धत मुलं चॅप्टरांना लावतात आणि ‘सी’ गटातले धडे ऑप्शनला टाकतात. 38 मार्कांचा उगम बहुतेकदा तिथेच सापडतो.

उरलेले धडे मुलं पुन्हा पुन्हा वाचतात. तसं वाचल्याने नेमकं काय होतं, हे अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिकी या दोन मानसशास्त्रज्ञांनी 2006 साली तपासलं. विद्यार्थ्यांना छोटे उतारे दिले. काहींनी उतारा परत वाचला, काहींनी तो बाजूला ठेवून आठवेल तेवढा कागदावर उतरवला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर वाचणारे पुढे : 81 टक्के विरुद्ध 75. आठवड्याने घेतली तर पारडं फिरलं. आठवून लिहिणाऱ्यांना 56 टक्के आठवलं, परत वाचणाऱ्यांना 42. त्यांच्याच पुढच्या प्रयोगात तर गंमत झाली. आपल्याला जास्त लक्षात राहील, असा भरवसा वारंवार वाचणाऱ्यांनाच अधिक होता. सगळं आलबेल.

पाच मिनिटांनी परीक्षा असती, तर हायलायटरवाले सगळेच सीए झाले असते.

म्हणून पास झालेले सीनियर जे सांगतात ते ऐकायला फार रूक्ष असतं : सीए इन्स्टिट्यूटचे आरटीपी (उजळणीचे पेपर) आणि मॉक पेपर घे, मोबाइल आईकडे दे, घड्याळ लाव, तीन तास हाताने लिही, मग सजेस्टेड आन्सर शेजारी ठेवून स्वतःचे मार्क काप. यातलं शेवटचं सगळ्यात अवघड. ‘मला हेच म्हणायचं होतं’ या सबबीखाली स्वतःला जितके मार्क दिले जातात, तितके कुठल्याच परीक्षकाने दिलेले नाहीत. उत्तर बरोबर आणि मानकाचा आधार गायब असेल, तर निम्मे मार्क कापायला हात धजत नाही.

त्यावरचा उपायही ऑडिटच्याच पुस्तकात आहे, एसए 505. बाहेरच्या माणसाकडून खात्री मागवायची आणि उत्तर क्लायंटच्या हातातून न येता थेट ऑडिटरकडे यायला हवं. अभ्यासिकेखालच्या अमृततुल्यमध्ये संध्याकाळी हे मानक काटेकोर पाळलं जातं. पुस्तक मित्राच्या हातात, प्रश्न त्याचे, आणि अडखळला त्याच्याकडे चहाचं बिल. स्वतःशी ‘येतंय की’ म्हणणारा माणूस तिथे तिसऱ्या प्रश्नालाच चष्मा पुसायला लागतो.

सध्या या चहाच्या बिलांना नव्या आयकर कायद्याने बरकत आणली आहे. 1961 च्या कायद्याची जागा 2025 च्या कायद्याने घेतली आणि तो 1 एप्रिल 2026 पासून लागू झाला. साऱ्या नोकरदारांना तोंडपाठ असलेलं 80सी आता कलम 123 मध्ये जाऊन बसलं. 194 च्या मागे इंग्रजी अक्षरं लागत लागत टीपर्यंत पोचलेला टीडीएस 393 मध्ये गोळा झाला. असेसमेंट इयर जाऊन टॅक्स इयर आलं. तीन रंगांत रंगवलेली जुनी मॉड्युलं रद्दीवाला आता किलोवर घेतो, रंगांचे जास्त देत नाही. ऑफिसातले सर मात्र क्लायंटला फोनवर अजून 80सीच सांगतात, क्लायंटलाही तेवढंच कळतं, आणि आर्टिकल सरांसमोर 80सी म्हणून मान डोलावतो, जिना उतरताना ‘123, 123’ पुटपुटतो.