पेशींना बेताने छळण्याची पहिली इयत्ता

चेहऱ्यावरच्या पेशींना रीतसर त्रास देऊन तरुण राहायची ज्यांची इच्छा आहे, अशा नवशिक्यांसाठी ही मार्गदर्शिका आहे. ज्यांनी आधीच तीन सिरम आणि एक डर्मारोलर विकत घेतला आहे त्यांनीही वाचावी, पण त्या वस्तू आधी कपाटात ठेवून.

थोडी थिअरी ऐकून घ्या, कारण दुकानातली मुलगी ती सांगणार नाही. पेशीला जरासा ताण दिला की ती दचकते आणि दुरुस्तीची सगळी हत्यारे बाहेर काढते. ताण किरकोळ असेल तर ताजी मोडतोड दुरुस्त होऊन वर जुनीही थोडी निस्तरली जाते. ताण मोठा असेल तर हत्यारे पुरत नाहीत. ह्या प्रकाराला हॉर्मेसिस म्हणतात. 1943 साली हे नाव छापले गेले ते लाकूड कुजवणाऱ्या बुरशीवरच्या प्रयोगांतून. लाल सीडरच्या लाकडाचा जो अर्क बुरशीला मारक ठरे, तोच अगदी थोडा दिला की तिला जोम चढे. बारशाचा मान बुरशीला होता, ही गोष्ट बाटल्यांवर कुठे लिहिलेली आढळत नाही.

आता पहिली पायरी : उष्णता. 1962 साली फेरुच्चो रितोस्सा हा इटालियन शास्त्रज्ञ फळमाशीच्या अळ्यांची गुणसूत्रे पाहत होता. कुणा सहकाऱ्याने उबवणपेटीचे तापमान वाढवून ठेवले आणि गुणसूत्रांवर नेहमीपेक्षा वेगळेच फुगवटे दिसू लागले. एका नामांकित नियतकालिकाने त्याचा लेख परत पाठवला. जीवशास्त्राच्या दृष्टीने ह्याला फारसे महत्त्व नाही म्हणे. पुढे कळले की ते फुगवटे म्हणजे हीट शॉक प्रोटीन तयार करण्याची लगबग होती. ही प्रथिने इतर प्रथिनांच्या विस्कटलेल्या घड्या नीट बसवतात. थोडक्यात, ह्या शास्त्राचा एक मोठा टप्पा पेटीचे बटन कोणीतरी न विचारता फिरवल्यामुळे गाठला गेला. नवशिक्यांनी ह्यातून प्रेरणा घेऊ नये.

भारतात शिकून डेन्मार्कच्या आर्हुस विद्यापीठात काम केलेले सुरेश रत्तन ह्यांनी बटन विचारपूर्वक फिरवले. माणसाच्या त्वचेतल्या पेशी बशीत वाढवायच्या, आठवड्यातून दोनदा तासभर 41 अंश सेल्सियसला ठेवायच्या आणि परत नेहमीच्या 37 अंशांवर आणायच्या. 1998 साली त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले : अशा पेशींत म्हातारपणाच्या खुणा उशिरा उमटल्या, खराब झालेली प्रथिने कमी साचली. वाचून हुरूप आला असेल. पण बशीतल्या पेशींना मालक नसतो. 'आज 45 करून बघू या, लवकर गुण येईल' असे बशीच्या वतीने कोणी म्हणत नाही. शिवाय आठवड्याच्या 168 तासांपैकी 166 तास त्या पेशींना कोणीही हात लावत नव्हते, हेही वाचून घ्या.

हात लावत राहिले तर काय होते, त्याचे उत्तर काश्मीरमध्ये मिळते. हिवाळ्यात तिथली माणसे फेरन ह्या सैल झग्याच्या आत कांगडी धरून बसतात : वेताच्या विणीतले मातीचे भांडे, आत निखारे. उष्णता सोसवेल इतकीच, पण रोजची, तासन् तास, वर्षानुवर्षे. एक अंश वाढवला तर जास्त फायदा, रोज केले तर त्याहून जास्त, ह्या हिशेबाने काश्मिरी माणसाचे पोट जगात सर्वांत तुकतुकीत असायला हवे होते. प्रत्यक्षात तिथे जाळीसारखे तपकिरी डाग उठतात आणि काहींना पुढे त्याच जागी कर्करोग होतो. डॉक्टरांच्या पुस्तकांत तो कांगडी कॅन्सर ह्याच नावाने नोंदलेला आहे. गरम लॅपटॉप मांडीवर घेऊन बसणाऱ्यांच्या मांड्यांवरही तशीच जाळी उठल्याच्या नोंदी आहेत. तेव्हा चेहरा वाफेच्या भांड्यावर रोज धरायचा बेत असेल तर रद्द करा. वांग असेल तर आजच करा, कारण उष्णतेने तो गडद होतो.

दुसरी पायरी : पेशीला फसवणे. ब्रोकोलीच्या कोंबांत सल्फोराफेन मिळते. ते पेशीतल्या एका पहारेकरी प्रथिनाला डिवचते, आणि हल्ला झाला असे समजून पेशी स्वतःची संरक्षक एन्झाइमे बनवू लागते. 2007 साली जॉन्स हॉपकिन्सच्या पॉल टॅलले ह्यांच्या गटाने सहा माणसांच्या त्वचेवर हा अर्क लावून मग अतिनील किरण सोडले. लाली सरासरी सुमारे 38 टक्क्यांनी कमी झाली. कोणाची 8 टक्क्यांनी, कोणाची 78 टक्क्यांनी. नवशिक्या वाचक स्वतःला नेहमी 78 वाला समजतो. हळदीतले कर्क्युमिनही प्रयोगशाळेत पेशींना असेच डिवचते. मात्र ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही आणि त्वचेत सहज शिरत नाही. लेप धुतल्यावर त्याचा मोठा हिस्सा टॉवेलला मिळतो.

तिसरी पायरी आम्ल आणि सुया. इथे 'जळजळतंय म्हणजे काम करतंय' हा मंत्र म्हटला जातो. तो म्हणू नये. ग्लायकॉलिक ॲसिड आणि रेटिनॉल एकाच रात्री एकावर एक थापले तर त्वचा लाल होते, आणि आपल्याकडच्या सावळ्या-गव्हाळ त्वचेवर ती लाली जाताना काळे डाग ठेवून जाते. ते जायला महिने लागतात. आधी कानामागे थोडे लावून बघा, मग आठवड्यातून एक-दोनदा, तेही कमी तीव्रतेचे. सुयांचे काम घरी करू नका. सुयांनी केलेल्या बारीक जखमा भरताना कोलॅजन तयार होते हे खरे, पण म्हणूनच त्वचेचे डॉक्टर दोन बैठकांत काही आठवडे जाऊ देतात.

चौथी पायरी फुकट आहे, त्यामुळे तिची जाहिरात नाही : ताण दिल्यानंतर गप्प बसा. दुरुस्ती ह्याच वेळात होते. माझे मत विचाराल तर हा सगळा धंदा इथेच अडला आहे. उष्णता विकता येते, आम्ल विकता येते, सुया विकता येतात. मधले रिकामे दिवस पंपाच्या बाटलीत भरता येत नाहीत. म्हणून मग त्या दिवसांसाठी वेगळे सिरम निघते.

शंका-समाधान.

सगळ्या पायऱ्या एकाच रविवारी उरकल्या तर चालेल का? चालेल. पुढच्या शनिवारच्या लग्नाला मात्र आहेर कोणाबरोबर तरी पाठवा.

उन्हाचा ताण सौम्य नाही का? फुकटही आहे. नाही. ऊन तुम्हाला विचारून मात्रा ठरवत नाही, आणि ते आधीच रोज लागते आहे. ऑस्ट्रेलियात नंबूर इथे 900 माणसांवर साडेचार वर्षे चाललेल्या चाचणीत रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांची त्वचा इतरांपेक्षा हळू म्हातारी झाली. ह्यात पेशींना छळण्यासारखे काहीच नसल्यामुळे ते ह्या अभ्यासक्रमात घेतलेले नाही.

सहा आठवडे झाले, नवऱ्याला काहीच फरक दिसत नाही. तुम्ही केस अर्धे कापून आलात तेव्हा दिसला होता का?