मिल्टनचा चेहरा, मार्शलचा हात

जॉन मिल्टन देखणा होता, आणि ही गोष्ट त्याच्या कानावर गेलेली होती. चाळिशी उलटल्यावर विरोधकांवर तुटून पडताना, राजसत्ता आणि स्वातंत्र्य असले भारदस्त विषय बाजूला सारून त्याने लॅटिनमध्ये सुनावलं, की लोक मला जवळजवळ दहा वर्षांनी लहान समजतात!

अशा माणसाचं चित्र कोरायचं काम विल्यम मार्शलकडे आलं. साल १६४५, इंग्लंडात यादवी पेटलेली. प्रकाशक हम्फ्री मोझलीला पहिल्या कवितासंग्रहात शीर्षकपृष्ठासमोर कवीचं चित्र हवंच होतं. मार्शलने तांब्याच्या पत्र्यावर पडदा कोरला, कोपऱ्यांत कलादेवता बसवल्या, मागे नाचणारी गुराखी मंडळीही आणली. भोवतीच्या अक्षरांत कवीचं वय एकवीस. चेहरा मात्र पन्नाशीतल्या, पोट बिघडलेल्या माणसाचा.

शेक्सपिअरचंही काही बरं झालं नव्हतं. १६२३च्या त्याच्या नाट्यसंग्रहावर मार्टिन ड्रूशाउटने कोरलेलं डोकं गळपट्टीवर ताटात वाढल्यासारखं दिसतं. समोरच्या पानावर बेन जॉन्सनने वाचकांना सांगून टाकलं, की चित्र नको, पुस्तक बघा. पण शेक्सपिअरला जाऊन सात वर्षं झाली होती. तक्रार करणार कोण?

मिल्टन जिवंत होता, शिवाय ग्रीक जाणणारा. चित्राखाली कोरायला म्हणून त्याने चार ग्रीक ओळी दिल्या. आशय असा, की खरा चेहरा पाहिलात तर हे अडाणी हाताचं काम म्हणाल. मित्रहो, ओळखू येत नसेन तर या भिकार नकलेला हसा. मार्शलला ग्रीकचा गंध नव्हता. छापल्यावर सुलट यावं म्हणून त्याने एकेक अक्षर उलटं, मन लावून कोरलं. स्वतःच्या बदनामीचे इतके कष्ट क्वचितच कुणी उपसले असतील.

मला मात्र मार्शलचीच बाजू घ्यावीशी वाटते. समोर बसून भांडण्याऐवजी त्याला न कळणाऱ्या भाषेत, त्याच्याच हातून हे करवून घेणं जरा खट्याळच. ‘दुसरा कोरणारा मिळत नव्हता,’ अशी सबब मिल्टनने पुढे दिली. ती खरीही असेल. लढाईच्या दिवसांत कारागीर मिळणं कठीणच.

१६७३च्या आवृत्तीतून चित्र गाळलं. त्या चार ओळी मात्र मिल्टनने कवितांमध्ये जपून ठेवल्या. चित्राशिवाय! पुढे अठराव्या शतकात चार्ल्स बर्नी नावाचा ग्रीकचा पंडित मिल्टनच्या ग्रीक कविता तपासायला बसला, आणि त्याने त्यांत चुका काढल्या.