घडणावळ आणि अद्वैत

सराफाच्या पेढीवर जेवढं तत्त्वज्ञान कानावर पडतं, तेवढं मी कुठल्याही व्याख्यानमालेत ऐकलेलं नाही. व्याख्यानाला पैसे पडत नाहीत, एवढाच फरक.

पाटल्या विकताना सराफ पक्का नैयायिक असतो. न्याय-वैशेषिकांचं म्हणणं असं, की सूत वेगळं आणि त्यातून झालेलं कापड वेगळं. कापड ही नव्याने जन्मलेली वस्तू. सराफाचंही तेच. "काका, सोनं निराळं, पाटली निराळी. कारागिराचा हात बघा!" मग या नवजात वस्तूच्या बारशाचा खर्च, म्हणजे घडणावळ, तो बिलात लावतो. वर ३ टक्के जीएसटी.

त्याच पाटल्या मोडीत न्या. गादी तीच, माणूस तोच, पण आता तो कडवा अद्वैती. नाव, आकार, नक्षी सारा आभास. सत्य एकच, सोनं. "अहो, पण घडणावळ?" असं विचारलं, की अज्ञानी जिवाकडे बघावं तसा तो आपल्याकडे बघतो. छांदोग्य उपनिषदात उद्दालक आपल्या मुलाला, श्वेतकेतूला, हेच शिकवतो: मातीचा एक गोळा ओळखला की सारी मडकी ओळखली, सोन्याचा एक गोळा ओळखला की सारे दागिने. तिसरा दाखला चक्क नराणीचा. (उपनिषदात नखं काढायचं हत्यार भेटल्यापासून मला त्या ग्रंथाची भीती वाटेनाशी झाली.) मात्र उद्दालकाने श्वेतकेतूकडून तूट कापून घेतल्याचा उल्लेख नाही.

नैयायिकांना विरोधकांची एक खोचक शंका असे. कापड सुताहून खरंच वेगळं असेल, तर दोघांचं मिळून वजन जास्त का भरत नाही? पंडित यावर पिढ्यान्‌पिढ्या भांडले. सराफाने मार्ग काढला: वजन एकट्या सोन्याचं, बिल दोघांचं.

आमच्या सासूबाई या दोन्ही पंथांना जुमानत नाहीत. त्यांनी आईच्या पाटल्या आटवून त्यांचा गोफ केला. त्यात थोडं नवं सोनंही घातलं. म्हणजे आकार गेला, सोनंही सगळं ते नव्हे. तरी लग्नकार्यात त्या गळ्याला हात लावून सांगतात, "या माझ्या आईच्या पाटल्या." ऐकणाऱ्या बायकांपैकी एकीलाही यात काही चुकलंय असं वाटत नाही. मला तर शास्त्रार्थात त्याच जिंकल्या असं वाटतं.

तेव्हा जुनं देऊन नवं घ्यायचं असेल, तर दोन्ही व्यवहार एकाच बैठकीत करा. सराफाला पाच मिनिटांत अद्वैतातून न्यायात यावं लागतं. तो मधे कुठेतरी असतानाच घडणावळीत सूट मागून घ्या.