रेटकाका

डोंबिवलीतल्या आमच्या सोसायटीत कुणाचा व्हिसा आला, की पेढ्यांच्या आधी रेटकाका दारात हजर होतात. अभिनंदनबिभिनंदन काही नाही. पहिला प्रश्न, "डॉलर घेतलेत?" त्यावर "हो, कालच" म्हणालात की दुसरा, "काय रेटने?" या दुसऱ्या प्रश्नाला आजवर कुणालाही बरोबर उत्तर देता आलेलं नाही. तुमचा आकडा ऐकून काका डोळे मिटतात, सुस्कारा सोडतात आणि म्हणतात, "असो. आता बोलून काय उपयोग!" पुढचे चार दिवस त्या घरात बॅगा कमी भरल्या जातात आणि भांडणं जास्त होतात.

काका स्वतः परदेशी गेले ते एकदाच. काकूंच्या साठीनिमित्त, टूर कंपनीबरोबर, थायलंडला. पण दराचं वेड फार जुनं. त्यांचे थोरले बंधू अण्णा १९७१ साली अमेरिकेला शिकायला गेले, तेव्हा सरकार माणसाच्या हातावर आठ डॉलर टेकवायचं. विमानतळावर अण्णांनी कॉफी प्यावी की नाही यावर घरात आधी महिनाभर खल झाला होता. (कॉफी पिऊ नये असं ठरलं.) आता रिझर्व्ह बँक वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत बाहेर नेऊ देते. एवढे डॉलर काकांना सात जन्मांत लागायचे नाहीत, पण ही मर्यादा ते अशा थाटात सांगतात, की फाइलवर सही त्यांचीच असावी.

थायलंडसाठी आठशे डॉलर घ्यायचे ठरले आणि काकांचं गूगलशी युद्ध सुरू झालं. गूगलवर दिसणारा दर आणि मनी चेंजरच्या बोर्डावरचा दर यांत रुपया-दीड रुपयाचा फरक असतो. काकांनी काउंटरवरच्या पोरासमोर मोबाइल धरला.

"काका, तो बँकाबँकांमधला दर आहे. त्या दराने कुणालाच मिळत नाही."

"मग मला बँक समजा."

पोरगा सभ्य होता. त्याने पाणी विचारलं.

काकांचं सगळंच हसण्यावारी नेण्यासारखं नाही. ‘कमिशन नाही’ अशी पाटी दिसली की ते दोन पावलं मागे सरकतात. कमिशन नसेल तर ते दरातच मुरवलेलं असणार, हा त्यांचा सिद्धांत अगदी खरा आहे. दुकानदाराला ते दर विचारतच नाहीत. "सगळं धरून खिशातून किती जाणार आणि हातात किती येणार, तेवढं बोल," म्हणतात. परदेशात नेहमीचं क्रेडिट कार्ड वापरलं तर बँक साडेतीन टक्क्यांपर्यंत मार्कअप लावते आणि त्यावर जीएसटी, हे त्यांनी लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसालाही समजावलेलं आहे. विमानतळावर डॉलर घेणाऱ्याशी ते बोलतच नाहीत.

घोळ होतो तो हुशारी उतू जाते तेव्हा. डॉलर पडेल या आशेने काकांनी आठशे डॉलर दोनदोनशे करून चार खेपांत घेतले. आता चलनबदलावरच्या जीएसटीची गंमत अशी, की पंचवीस हजारांच्या आत कितीही घ्या, किमान ४५ रुपये द्यावेच लागतात. चार खेपांचे झाले १८०. नव्वदच्या आसपास दर धरला, तर एकरकमी घेऊन हे काम १३० रुपयांत झालं असतं. शिवाय डॉलर पडला नाही. तो सहसा पडत नाही; काका मात्र १९९१ पासून वाट पाहत आहेत. शेवटची खेप फोर्टात घेतली, कारण तिथे डॉलरमागे चाळीस पैसे स्वस्त. वाचले ऐंशी रुपये. सोबत काकू होत्या, दोघांनी तिथेच थाळी खाल्ली. थाळीचा हिशेब काका ‘जेवण’ या सदरात टाकतात, डॉलरच्या खात्यात येऊ देत नाहीत.

बँकॉकला उतरल्यावर तर त्यांनी कहर केला. टूर मॅनेजर झेंडा घेऊन बसकडे निघाला आणि काका सोळा माणसं घेऊन तळघरात. सुवर्णभूमी विमानतळावर वरच्या मजल्यांपेक्षा तळघरात, शहरात जाणाऱ्या रेल्वेच्या तोंडाशी, बाथचा दर चांगला मिळतो, हे ते डोंबिवलीहून पाठ करून आले होते. खरंच चांगला मिळाला. शंभराच्या नोटेला पाच-दहाच्या नोटांपेक्षा जास्त दर, हेही खरं निघालं. सुट्टे डॉलर आणलेल्या एका कुटुंबाकडे काकांनी ज्या नजरेने पाहिलं, ती मला नंतर तिघांनी करून दाखवली. बस मात्र पाऊण तास उभी होती.

पुढे एका मॉलमध्ये काकू कार्डाने पर्स घेत होत्या. मशीनने विचारलं, बिल रुपयांत की बाथमध्ये? आपलं चलन दिसलं म्हणून काकू हरखल्या. तेवढ्यात दोन दुकानांपलीकडून आरोळी आली, "अगं, रुपये दाबू नकोस! बाथ! बाथ दाब!" काकांचं बरोबर होतं. रुपये निवडले की दर मशीनवाला ठरवतो आणि तो नेहमी महाग असतो. काकूंनी पर्स परत ठेवली. ही काकांच्या मते सहलीतली सर्वांत मोठी बचत.

प्रत्येक शहाळ्याचे रुपये करून पाहिल्यामुळे आठशेपैकी चारशे डॉलर तसेच परत आले. दोन हजारांपर्यंतचे डॉलर स्वतःजवळ ठेवता येतात. त्यावरचे परतल्यापासून १८० दिवसांत मोडावे लागतात. तेव्हा काकांचे चारशे कायदेशीरपणे कपाटात, काकूंच्या शालूखाली आहेत. मोडायला गेलं की तोच सभ्य पोरगा घेताना होता त्यापेक्षा कमी दर सांगतो, म्हणून काका थांबलेत. शेजाऱ्यालाही विकत नाहीत, कारण परवानाधारकाशिवाय कुणाशी असा व्यवहार करणं कायद्यात बसत नाही. तेव्हा परदेशी निघालेल्यांनी काकांकडे डॉलर मागू नयेत. सल्ला जरूर मागावा. त्यावर जीएसटी नाही. फक्त, डॉलर घेऊन झाल्यावर मागू नका.