दुसरी लेन्स आणि रामकुंडाच्या पायऱ्या

नवा कॅमेरा घेतलेल्या माणसाचं पहिलं दुखणं म्हणजे त्याच्याबरोबर आलेली लेन्स. १८-५५ची ही किट लेन्स लग्नात आहेर म्हणून आलेल्या टॉवेल-टोपीसारखी असते. घरात असते, पण कौतुक कुणी करत नाही. मग दुसरी लेन्स घ्यायचं ठरतं, आणि माणूस नाशिककर असेल तर त्याच्या डोळ्यांपुढे लगेच नांदूरमध्यमेश्वर उभं राहतं. महाराष्ट्रातली पहिली रामसर पाणथळ जागा, गोदावरी-कादवेचा संगम, थंडीतले रोहित पक्षी! बजेट दहा हजारांचं असतं, पण स्वप्न पंख पसरून केव्हाच उडालेलं असतं. हात आपोआप ५५-२५०च्या लांबोळक्या नळीकडे जातो. माझं म्हणणं असं, की हा हात वेळीच धरावा आणि ५० एमएम, एफ १.८ या बुटक्या, न ताणता येणाऱ्या लेन्सवर आणून ठेवावा.

पुरावा दुकानात नाही, आपल्याच मेमरी कार्डात आहे. प्रत्येक फोटोच्या पोटात तो किती एमएमवर, किती शटरवर काढला याची नोंद असते. गेल्या सहा महिन्यांचे फोटो उघडून बसावं. पक्षी निघतील चार, त्यातले तीन कावळे. बाकी सगळं बारसं, गणपतीची आरती, पिवळ्या बल्बखाली कापलेला केक आणि गंगेवरची संध्याकाळ (गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो, भूगोलाच्या पुस्तकाने माफ करावं). म्हणजे अडचण अंतराची नाही, अंधाराची आहे. रामकुंडावर आरती सुरू झाली की किट लेन्स ५०वर नेल्यावर एफ ५.६च्या पलीकडे उघडत नाही. शटर एक-पंधरांशापर्यंत घसरतं आणि ओवाळणारा हात फोटोत धुराच्या लोटासारखा येतो. एफ १.८ला तेवढ्याच वेळात जवळपास दहापट प्रकाश आत येतो. तेच शटर साधारण एक-दीडशेअंशावर जातं, आणि हाताची पाच बोटं पाचच राहतात. ५५-२५० इथे काय करते? तीही ४ ते ५.६चीच, अंधारात किटची सख्खी बहीण. तिच्यात थरथर आवरणारी यंत्रणा असते हे खरं, पण ती आपल्या हाताची थरथर आवरते. ओवाळणाऱ्याचा हात तिचं ऐकत नाही.

आता शंका येते ती मराठी मनाला हमखास येणारी: स्वस्त आहे, म्हणजे काहीतरी गोम असणार. गोम आहे, पण ती फायद्याची. या लेन्सचा मूळ आराखडा झाइसच्या पाउल रुडॉल्फने १८९६ साली ‘प्लानार’ म्हणून केला, काचेचे सहा तुकडे आरशासारखे समोरासमोर मांडून. कॅननच्या आजच्या ५० एमएम १.८मध्येही सहाच काचा आहेत. सव्वाशे वर्षं घोटलेली पाककृती, मोजकं साहित्य आणि घाऊक उत्पादन, मग महाग व्हायला कारण काय? पिठलं स्वस्त असतं म्हणून कुणी त्याला नापास करत नाही. कंजुषी दिसते ती प्लॅस्टिकच्या अंगात, काचेत नव्हे. निकॉनवाल्यांनी मात्र एक बघून घ्यावं: त्यांच्या नवशिक्यांसाठीच्या बॉड्यांमध्ये फोकसची मोटर नसते, त्यामुळे जुनी ‘डी’ लेन्स बसते खरी पण फोकस हाताने फिरवावा लागतो, ‘एएफ-एस’ मागून घ्यावी. आणि सेकंडहँड घेणार असाल तर मोबाइलची बॅटरी लावून आरपार बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर ती बुरशी आहे, पावसाळ्यात कपाटात कोंडल्याची खूण. मग किंमत कितीही पाडून दिली तरी उठून यावं.

“पण झूम नाही!” हा आक्षेप सर्वांत मोठ्याने घेतला जातो. फोटोग्राफी १८३९ साली जगजाहीर झाली आणि साध्या ३५ एमएम कॅमेऱ्यासाठी पहिली झूम लेन्स आली १९५९मध्ये. मधली एकशेवीस वर्षं माणसं चालत होती. आणि दर वेळी चालावं लागतं असंही नाही: आपल्या त्र्यंबकेश्वरात जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी भांडवल मिळवण्यासाठी कुंडीतल्या वाटाण्याची वाढ टिपून छोटी फिल्म केली. तिथे कॅमेरा जागचा हलला नाही, हलला तो वाटाणा. पक्ष्यांचं म्हणाल, तर नांदूरमध्यमेश्वरच्या पाण्यात दूर उभा असलेला रोहित २५०नेही पुष्कळदा गुलाबी ठिपकाच दिसतो. त्या नादाची खरी लेन्स दुचाकीच्या किमतीत येते आणि तिचा विषय घरात वेगळ्याच पद्धतीने काढावा लागतो. या लेन्ससारखं मोबाइलही मागचं धूसर करतो, हे मान्य. पण तो ते हिशेबाने करतो, आणि हिशेबात कधी आजीच्या कानातली कुडीही धूसर धरतो.

एक आक्षेप मात्र मला खोडता येत नाही. छोट्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर ५०ची लेन्स ७५-८०सारखी वागते. दोन खोल्यांच्या घरात अख्खं कुटुंब बसवायचं तर फोटोग्राफरला जिन्यात जाऊन उभं राहावं लागेल. तिथे आहेराची किट लेन्सच बाहेर काढावी, किंवा थोडे जास्त पैसे टाकून ३५ची घ्यावी. १.८वर पोरीचा एक डोळा लख्ख आणि दुसरा धुक्यात, असंही होतं. मग २.८वर यावं, तरी ५.६च्या चौपट उजेड हातात राहतो. घाटावर तर मागे सरकायला जागाच जागा आहे. फक्त डोळा व्ह्यूफाइंडरला लावून उलट्या पावली सरकताना पायऱ्या किती उरल्यात, हे अधूनमधून बघत जावं. गंगास्नानाचं पुण्य माणसाला लागतं, कॅमेऱ्याला नाही.